वाळवीसाठी तेल लावताना: आधी वाट, मग ओल, मग लाकडाची पाठ

पहिला पाऊस पडून गेला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "कडुनिंबाचं तेल लावलं होतं गं, तरी वाळवी लागलीच." मी विचारते, कुठे लावलं होतं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. कपाटाच्या दारांना, चौकटीच्या दर्शनी भागाला, देव्हाऱ्याच्या खांबांना. म्हणजे आपल्याला दिसतं तिथे.

वाळवी येते ती भिंतीला टेकलेल्या पाठीकडून. नाहीतर फरशीत रुतलेल्या पायाकडून, सुतारानं कापून तशीच सोडलेल्या कडेकडून. तिथे तेलाचा थेंबही पोचलेला नसतो.

मी स्वतः हेच केलं होतं. नेरूळला तळमजल्यावर राहायला आलो त्या पहिल्या जुलैत मी कपाट पुढून तेलानं चकचकीत केलं आणि निश्चिंत झाले. दिवाळीच्या साफसफाईला कपाट ओढलं, तर पाठीच्या प्लायवर मातीच्या नळ्यांचं जाळं, आणि खालच्या खणात आजोबांच्या हिशेबाच्या वह्या. वरची वही उचलली तेव्हा पुठ्ठा शाबूत होता. उघडली तर पानांच्या कडा तेवढ्या शिल्लक होत्या, मधली अक्षरं गेलेली. म्हणून हा क्रम मी एवढ्या आग्रहानं सांगते. तेल तेच, लाकूड तेच, पण काय आधी आणि काय नंतर हे चुकलं की सगळी मेहनत वाया जाते.

## सुरुवात करण्याआधी: तेलाकडून किती अपेक्षा ठेवायची

कडुनिंबाच्या तेलात अझाडिरॅक्टिन असतं. ते वाळवीची खाण्याची इच्छा मारतं आणि कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करतं. करंजाच्या तेलात करंजिन असतं, तेही किड्यांना नकोसं वाटतं. दोन्ही तेलं लाकडाला वाळवीसाठी बेचव करतात. लावल्या लावल्या वाळवी मरून पडेल असं समजू नका.

मातीतल्या वारुळातली राणी तुमच्या तेलापासून कितीतरी दूर असते. चौकटीत वाळवी चालती असेल तर तेल लावल्यावर ती ती जागा सोडते आणि चार फुटांवरचं दुसरं लाकूड शोधते. तेल हा राखणदार आहे. घरात आधीच शिरलेल्याला बाहेर काढणं हे वेगळं काम, आणि ते तेलाच्या आधी करायचं.

## टप्पा १: किडा ओळखा

लाकडाखाली भुसा दिसला की सगळे "वाळवी" म्हणतात. प्रत्यक्षात आपल्याकडे तीन वेगळे प्रकार सापडतात आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे.

मातीतली वाळवी. ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत सर्वात जास्त त्रास हिचाच. भिंतीवर, चौकटीच्या कडेनं, पाइपाच्या मागून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसतात. तिला सतत ओल लागते. उघड्यावर ती सुकून मरते, म्हणून जाण्यायेण्यासाठी मातीचा बोगदा बांधते.

कोरड्या लाकडातली वाळवी. हिला मातीशी संबंध लागत नाही. अख्खं घर त्या फळीच्या आतच असतं. खूण म्हणजे लाकडाखाली पडलेले बारीक दाणे. खसखशीसारखे दिसतात, बोटांत चोळले तर पीठ होत नाही, टणक लागतात. भिंगातून पाहिलं तर सहा कडांचे.

भुंगेरा. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी. ही वाळवी नाहीच. नव्या, नीट न सुकवलेल्या लाकडाच्या पांढऱ्या भागात हा हमखास निघतो.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात तेव्हाही नीट बघा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि कंबर सरळ असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर गळालेले पंख सापडले, घर बंद असूनही सापडले, तर ते किडे आतूनच निघाले असण्याची शक्यता मोठी.

तपासा: स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं लाकूड इंचाइंचावर ठोका. भरीव लाकूड "टक" वाजतं, पोखरलेलं "ढप" वाजतं. ढप वाजलं तिथे टोक हलकेच दाबा. आत शिरलं तर तेवढा भाग गेला. त्याला तेल पाजून काही होणार नाही, तो कापून बदलायचा.

## टप्पा २: वाळवी चालती आहे का, हे पाहा आणि तिची वाट तोडा

नळी दिसली की बहुतेक लोक ताबडतोब झाडूनं सगळी साफ करतात. असं करू नका. त्या नळीवरूनच ती कुठून येते ते कळतं.

नळी मधोमध दोन इंच फोडा, बाकीची तशीच ठेवा. आत पांढरट किडे धावताना दिसले तर प्रश्नच मिटला. नाही दिसले तर तारीख लिहून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पाहा. फुटलेला भाग ओल्या मातीनं पुन्हा सांधलेला असेल तर वाळवी चालती आहे. आठवडाभर तसाच उघडा राहिला, आत कोरडी भुसभुशीत माती दिसली, तर ती वाट बहुधा सोडलेली आहे.

मग नळीचा माग खाली जमिनीकडे काढा. माझ्या पाहण्यातल्या जागा सांगते. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो ती फट. न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीचा पाय. पाइपांच्या डक्टकडची भिंत. गॅलरीतल्या कुंड्या, ज्या थेट भिंतीला आणि लाकडी खिडकीला चिकटून ठेवलेल्या असतात. रो हाउस असेल तर अंगणातली माती जोत्याच्या वर चढलेली. बेलापूर-नेरूळकडची जुनी बैठी घरं, नौपाड्यातल्या जुन्या चाळी, येऊरच्या पायथ्याची घरं, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच.

"आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत, आमच्याकडे कशी येईल?" असं विचारतात. डक्टमधून येते. ओल आणि भेग मिळाली की ती वर चढते. अशा वेळी एकट्यानं घरात तेल लावण्याआधी सोसायटीला लेखी कळवा, कारण उगम सामाईक जागेत आहे.

चालती वाळवी जमिनीतून येत असेल तर आधी पेस्ट कंट्रोल, मग तेल. बांधून झालेल्या इमारतीसाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर सुमारे ३०-३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडण्याची पद्धत दिलेली आहे. माणूस नुसता चौकटीवर फवारा मारून निघाला तर ते काम झालं असं धरू नका. भोकं कुठे पाडणार, किती अंतरावर, हे आधीच विचारा.

सावधान: पेस्ट कंट्रोलवाल्यांनी आमिषाच्या डब्या बसवल्या असतील तर त्यांच्या आसपास कडुनिंब, करंज किंवा लवंगेचं तेल अजिबात लावू नका. वाळवीनं ते आमिष खाऊन घरट्यात न्यायला हवं असतं, आणि तुम्ही वासानं तिला हाकलून द्याल.

## टप्पा ३: ओल घालवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक सगळ्यात कमी वेळ इथेच देतात.

ओल्या लाकडात तेल शिरत नाही. लाकडाच्या नळ्या आधीच पाण्यानं भरलेल्या असतात, तेल वरच राहतं, चिकट थर बनतो, त्यावर धूळ बसते आणि आतली ओल अडकून बुरशी वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये तेल लावलेल्या लाकडाची तक्रार नेमकी हीच असते.

आपल्या हवेत घरातलं लाकूडसुद्धा पावसाळ्यात फुगतं. दारं घासायला लागतात ती त्यामुळेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकडातली ओल साधारण १२ टक्क्यांच्या आसपास येते, भर पावसात ती १८ पर्यंत चढते. दोन सुयांचा ओलमापक मिळत असेल तर घ्या आणि आकडा १५ च्या खाली आल्याशिवाय तेलाची बाटली उघडू नका. मापक नसेल तर त्याच लाकडाची सुटी फळी किंवा खण काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, रोज त्याच वेळी. तीन दिवस वजन उतरायचं थांबलं की ती हवेशी जुळली. हे वजन पावसाळ्यात करून उपयोग नाही, कारण तेव्हा हवाच ओली असते.

म्हणून कामाचे हंगाम दोन. दसरा-दिवाळीच्या साफसफाईनंतर नोव्हेंबरपासून पुढे एक, आणि पावसाआधी एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत दुसरा.

लाकूड सुकवलं आणि भिंत ओली राहिली तर महिनाभरात पुन्हा तेच. भिंतीची परीक्षा सोपी आहे. फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूनं पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीच्या आतून येते आहे. बाहेरच्या बाजूनं थेंब जमले तर ती खोलीतली दमट हवा आहे, खिडकी उघडून, पंखा लावून भागेल. आतून ओल असेल तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा, वरच्या मजल्याचं न्हाणीघर, गळका पाइप यांपैकी काय ते शोधा. खाडीलगतच्या भरावावरच्या तळमजल्यांना जमिनीतूनही ओल चढते, भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात. तिथे लाकूड भिंतीला टेकवायचंच नाही.

तपासा: भिंतीला हात लावून कोरडी वाटते म्हणून पुढे जाऊ नका. प्लॅस्टिकची परीक्षा करूनच पुढे जा.

## टप्पा ४: साहित्य आणा

कडुनिंबाचं तेल लाकडी घाण्याचं किंवा थंड दाबाचं घ्या. गडद, दाट आणि उग्र वासाचं असलं पाहिजे. पिवळसर, पारदर्शक आणि वास नसलेलं तेल गाळून-शुद्ध करून आलेलं असतं, त्यात कामाचा भाग कमी राहतो. शेतीच्या दुकानात १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम असे आकडे लिहिलेल्या बाटल्या मिळतात. तो आकडा अझाडिरॅक्टिनचा, दहा लाख भागांत किती भाग ते सांगणारा. पण ती औषधं पाण्यात मिसळून पिकावर फवारायला बनवलेली असतात. लाकडात पाणी घालायचं नाही, म्हणून आपल्याला साधं घाण्याचं तेल बरं.

करंज तेलही घाण्यावर मिळतं. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात विचारलंत तर दोन्ही तेलं कुठे मिळतील ते कळेल.

पातळ करायला टर्पेंटाईन लागतं. हार्डवेअरच्या दुकानात "टर्पेंटाईन" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा खनिज तेलापासूनचं असतं. झाडाचंच हवं असेल तर चिडाच्या डिंकापासून काढलेलं गम टर्पेंटाईन मागा. काम दोन्हींनी होतं, पेट दोन्ही घेतात.

आणखी दोन तेलांबद्दल. रंगारी ज्याला बेल तेल म्हणतात ते उकळलेलं जवसाचं तेल सुकून कडक होतं आणि पाणी अडवायला चांगलं, पण वाळवीला त्याचं भय नाही. एकटं वापरू नका. काजूच्या टरफलांचं तेल मात्र जबर आहे. कोकणात होड्यांना आणि कुंपणाच्या खांबांना लावतात. पण काजू बिब्ब्याच्या कुळातला, आणि हे कच्चं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. घरातल्या वस्तूंना ते नको. अंगणातल्या, जमिनीत गाडायच्या खांबांसाठीच, आणि जाड रबरी हातमोजे घालूनच.

बाकी सामान: २ इंची ब्रश, जुनं सुती कापड, १० मिलीची सिरिंज आणि जाड सुई, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, पातळ हातमोजे, जुन्या स्टीलच्या वाट्या, मेण. एका दाराच्या चौकटीला तीन हातांसाठी मला अर्धा लिटर मिश्रण पुरतं. जुनी, तहानलेली चौकट असेल तर थोडं जास्त.

## टप्पा ५: लाकूड उघडं करा

पॉलिशवर, ऑइल पेंटवर, लॅमिनेटवर तेल लावणं म्हणजे काचेवर लावण्यासारखं आहे. ज्या बाजूला तेल पाजायचं ती बाजू कोरी लाकडाची हवी.

इथे एक निर्णय आधीच घ्या. कडुनिंब आणि करंज ही न सुकणारी तेलं आहेत. त्यांच्यावर नंतर लाखेचं, मेलामाईनचं किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) पॉलिश नीट धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणून वाटणी करा: दिसणाऱ्या बाजूला पॉलिश, न दिसणाऱ्या बाजूला तेल. पाठ, तळ, पायांचे तळवे, खणांचे बाहेरचे अंग, सांध्यांच्या खाचा, भिंतीत जाणारी कड, हे सगळं तेलाचं. पुढच्या भागाला नवीन पॉलिश करायचं असेल तर ते आधी पूर्ण करून सुकू द्या, मग पाठीला तेल लावा. तेलाचा हात चुकून पुढे लागणार नाही म्हणून कडेला कागदी चिकटपट्टी लावा.

पाठीमागची माती, जाळी, जुना रंग ब्रशनं आणि पत्र्यानं खरवडून काढा. मग ८० नंबरचा कागद, मग १२० चा. गुळगुळीत करायचं नाही, फक्त छिद्रं मोकळी करायची. शेवटी कोरड्या ब्रशनं भुसा झटका. ओल्या फडक्यानं पुसू नका, आठवडाभर केलेलं सुकवण फुकट जातं.

तपासा: लाकडावर पाण्याचा एक थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत आत शिरला तर लाकूड मोकळं झालं. मोत्यासारखा वरच बसून राहिला तर जुना थर अजून आहे, परत घासा.

## टप्पा ६: तेल पाजा

मी मुद्दाम "पाजा" म्हणते. कामाची जागा हवेशीर हवी. गॅस बंद, देवघरातली समई विझलेली, उदबत्ती नाही.

पहिला हात पातळ. कडुनिंब १ भाग, करंज १ भाग, टर्पेंटाईन २ भाग. पातळ मिश्रण खोल शिरतं. उलटा क्रम करणारे पुष्कळ जण पाहिले, आधी दाट तेल थापतात आणि मग पातळ. दाट तेलानं तोंडं बुजली की पुढचं काही आत जात नाही.

थंडीत सकाळी कडुनिंबाचं तेल तुपासारखं दाटतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर तापवू नका, उष्णतेनं त्यातला कामाचा भाग मरतो. आणि टर्पेंटाईन मिसळलेलं असेल तर आग लागते.

सुट्या फळ्या, खण, पाट असतील तर त्या दिवसभर उन्हात तापू द्या. संध्याकाळी सावलीत आणा आणि गरम असतानाच तेल लावा. थंड होताना लाकडातली हवा आकसते आणि तेल आत ओढून घेते. दुपारच्या उन्हात लावाल तर टर्पेंटाईन आधीच उडून जाईल, आणि ऊन अझाडिरॅक्टिनलाही खातं.

आडव्या कापाला सर्वात जास्त. फळीचं टोक, पायाचा तळवा, जिथे लाकडाच्या रेषा संपतात तिथे लाकूड सपाट बाजूपेक्षा कितीतरी पट जास्त पितं. ओलही तिथूनच चढते. पलंगाचे, टेबलाचे पाय जुन्या स्टीलच्या वाट्यांत उभे करा, वाटीत बोटभर मिश्रण ओता आणि रात्रभर राहू द्या. आईच्या सागवानी देव्हाऱ्याचे चार पाय मी असे ठेवले. सकाळी तीन वाट्यांतलं तेल निम्म्यावर आलं होतं आणि चौथी जवळजवळ कोरडी. तो पाय उलटा करून पाहिला तर तळव्याला बारीक उभी चीर. वरून कधीच दिसली नसती. वाटी पुन्हा भरली, आणखी एक रात्र ठेवलं.

चौकटीचा पाय. तो फरशीत गेलेला असतो, वाटीत ठेवता येत नाही. फरशीपासून एक इंच वर, मग दर चार इंचांवर, असं फूटभर उंचीपर्यंत ३-४ मिलिमीटरची भोकं खाली उतरती पाडा. लाकडाच्या निम्म्या जाडीपर्यंतच. सिरिंजनं तेल भरा, ते शिरलं की परत भरा. असं तीन वेळा. चौथ्या दिवशी मेणानं तोंडं बंद करा. चौकट आणि फरशीमधल्या फटीतही सुईनं सोडा.

सावधान: चौकटीजवळ बटणांचा बोर्ड किंवा घंटीची वायर असेल तर ती बाजू इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय भोक पाडू नका.

दुसरा आणि तिसरा हात. पहिल्या हातानंतर अर्ध्या तासानं वर तरंगणारं तेल कोरड्या कापडानं पुसून घ्या. दोन दिवस जाऊ द्या. दुसरा हात निम्मं तेल-निम्मं टर्पेंटाईन, पण या वेळी करंजापेक्षा कडुनिंब जास्त. आणखी दोन दिवसांनी तिसरा, फक्त आडव्या कापांना आणि सांध्यांना, जवळजवळ निव्वळ तेलाचा. प्रत्येक वेळी अर्ध्या तासानं पुसायचं. चिकटपणाची तक्रार असते ती पुसलं नाही म्हणून.

सावधान: बेल तेल वापरलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेली चिंधी काडी न लावताही पेट घेऊ शकते. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून मगच टाका. ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना आहे.

सावधान: कडुनिंबाचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर ते विषारी आहे, बाटली उंचावर ठेवा. घरात मासे असतील तर टाकी झाका आणि ब्रश धुतलेलं पाणी कुंडात किंवा तळ्यात ओतू नका. लवंगेसारखी सुगंधी तेलं मिसळणार असाल आणि घरात मांजर असेल तर ती मिसळू नका.

## कोरड्या लाकडातली वाळवी आणि भुंगेरा असेल तर

वरून ब्रश फिरवून इथे उपयोग नाही, किडा आत आहे. प्रत्येक भोकात सिरिंजनं मिश्रण भरा, लवंग तेलाचे काही थेंब घालून. तेल जिथे थेट अंगाला लागेल तिथेच परिणाम होतो, म्हणून दर आठवड्याला, चार आठवडे. मग खाली काळा कागद पसरून ठेवा. नवे दाणे, नवी भुकटी पडली तर आत अजून जीव आहे. वस्तू मोलाची असेल तर अशा वेळी पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा, फळी पूर्ण पोखरेपर्यंत वाट पाहू नका.

## प्लाय, एमडीएफ आणि स्वयंपाकघर

नव्या फ्लॅटमध्ये सागवान कमी आणि प्लाय जास्त. प्लायच्या सपाट पृष्ठभागाला तेल लावून फारसं शिरत नाही, कापलेल्या कडा मात्र भरपूर पितात. सिंकखालच्या कपाटाचा तळ आणि वॉर्डरोबच्या खालची पट्टी यांच्या कडा सुतार बहुतेक वेळा कोऱ्या सोडतो. त्या बघा. पण ज्या कडेवर अजून लॅमिनेट किंवा पट्टी चिकटवायची आहे तिला तेल लावू नका, गोंद धरणार नाही. चिकटवणं आधी, तेल नंतर. काम चालू असतानाच सुताराला हे सांगा, कपाट भिंतीला ठोकल्यावर पाठ हाताला लागत नाही.

एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीला, तेलाचा भरवसा नको. त्याला पाण्यापासून दूर ठेवणं एवढाच उपाय.

पोळपाट, लाटणं, विळीची पाटी, जेवायचे पाट यांना कडुनिंब-करंज नको. कडू लागतं आणि पोटात जायला नको.

आणि रॉकेल, डिझेल, गाडीचं जळकं तेल यांपैकी काहीही घरातल्या लाकडाला लावू नका. आगीचा धोका, श्वासाला त्रास. जळकं तेल तर हाताळायलाही वाईट.

## टप्पा ७: परत ठेवताना

तिसऱ्या हातानंतर आठवडाभर वस्तू मोकळ्या हवेत सावलीत राहू द्या. वास दोन-तीन आठवडे राहतो, तेवढा धरूनच चला. देव्हाऱ्यात आठवडाभर समई लावू नका, देव तात्पुरते दुसऱ्या पाटावर ठेवा.

कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे. पाय थेट फरशीवर टेकवू नका, खाली रबरी किंवा प्लॅस्टिकच्या बुचांचा आधार द्या, म्हणजे फरशी पुसलेलं पाणी तळव्याला लागत नाही. कपाटाच्या खाली, पाठीमागे पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दी ठेवू नका. वाळवीला पुठ्ठा लाकडापेक्षाही सोपा.

तपासा: टॉर्च घेऊन भिंत आणि कपाटाच्या मधल्या फटीत वरून खालपर्यंत प्रकाश टाका. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. दिसला नाही तर काहीतरी अडकलंय किंवा कपाट पुरेसं पुढे आलेलं नाही.

## टप्पा ८: पुन्हा कधी

आतल्या, सावलीतल्या लाकडाला वर्षातून एक हात पुरतो, तोही आडव्या कापांना आणि पाठीला. ओल्या भिंतीजवळच्या आणि न्हाणीघराच्या चौकटींना दोनदा, मे आणि नोव्हेंबर. गॅलरीतल्या, उन्हात असलेल्या लाकडाला तीन-चार महिन्यांनी, कारण उन्हात तेलाचा गुण लवकर जातो. अशा जागी मी तेलाच्या भरवशावर राहतच नाही, चांगला बाहेरचा रंग देते आणि तेल फक्त सांध्यांत सोडते.

पावसाळ्यात तेल लावायचं नाही, पण बघायचं. दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन चौकटींचे पाय, सिंकखालचा कोपरा, कपाटाची पाठ. गणपतीला माळ्यावरून पाट-चौरंग निघतात तेव्हा ते उलटे करून ठोकून पाहा, माळ्यावरची वाळवी बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा सापडते. नळी दिसली तर टप्पा दोनपासून पुन्हा, थेट तेलाकडे जाऊ नका.

प्रत्येक वस्तूच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख आणि कितवा हात ते लिहा. आमच्या देव्हाऱ्याच्या तळाला आता पाच तारखा आहेत. चिरेच्या पायाशी एक बाण काढलाय, पुढच्या वेळी वाटी आधी तिथे ठेवायची म्हणून.